देणगीदारांची यादी आणि घेणाऱ्यांची जागा

स्मरणिका हाती पडली की प्रथम कोणते पान उघडले जाते, हे आम्ही गेली अनेक वर्षे पाहत आलो आहोत. ते संपादकीय नसते, मान्यवरांचे शुभसंदेशही नसतात. ती असते शेवटच्या पानांवरील देणगीदारांची यादी. आपले नाव आले काय, आडनावात चूक तर झाली नाही ना, दिलेली रक्कम बरोबर छापली आहे ना, हे पाहण्याची उत्सुकता माणसास असतेच आणि तीत गैर काही नाही. पगारातून, पेन्शनीतून, प्रसंगी मजुरीतून बाजूला काढलेला तो पैसा आहे. ती यादी छापलीच पाहिजे.

प्रस्तुत स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हां माजी विद्यार्थ्यांस स्थानिक सेवाभावी संस्थांच्या कार्याविषयी लिहिण्यास सांगितले, तेव्हा आम्ही जुन्या स्मरणिका काढून चाळल्या. त्यांत देणाऱ्यांची नावे आहेत आणि घेणाऱ्यांची छायाचित्रे आहेत. 'गरजू विद्यार्थ्यांना ब्लँकेटचे वाटप करताना मान्यवर' अशा ओळीखाली मान्यवरांची नावे डावीकडून उजवीकडे क्रमाने दिलेली आहेत. मुलांची नावे नाहीत. त्यांपैकी एका छायाचित्रात, मान्यवरांच्या पुढ्यात मान खाली घालून उभा असलेला मुलगा आमच्यापैकीच एक आहे.

तो प्रसंग आम्हांस चांगला आठवतो. ब्लँकेटे आदल्या दिवशी सकाळीच आली होती आणि कार्यालयात गठ्ठे बांधून ठेवली होती. त्या रात्री कडाक्याची थंडी होती. तरी ती वाटली गेली नाहीत, कारण पाहुणे दुसऱ्या दिवशी यावयाचे होते. आम्ही दोघे-दोघे एका सतरंजीत झोपलो. कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता, हे आम्ही आजही शपथेवर सांगू. ज्या अधीक्षकांनी ते गठ्ठे राखून ठेवले, त्यांनीच त्या हिवाळ्यात एका तापलेल्या मुलास पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. दोष माणसाचा नव्हता. दोष होता तो देणारा कोण आणि घेणारा कोण याविषयीच्या आपल्या सर्वांच्या मनातील एका जुन्या समजुतीचा. या लेखात आम्हांस त्या समजुतीविषयीच लिहावयाचे आहे.

प्रथम, अशा संस्था हव्यातच कशाला, हा प्रश्न घेऊ. शासनाच्या योजना आहेत, मोठमोठे ट्रस्ट आहेत, मग तालुक्याच्या गावातील एखादे मंडळ, विहार समिती, पाच-पंधरा जणांचा न्यास यांचे काम ते काय? याचे उत्तर आम्हांस आमच्याच घरांतून मिळाले आहे. आमच्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीस जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत फडावरून हलता येत नाही. कारखाना बंद होऊन परत येईतो उन्हाळा लागलेला असतो. म्हणजे शाळेच्या वर्षाचा मोठा भाग मूल एकतर फडावर लहान भावंडे सांभाळीत काढते, नाहीतर गावात म्हाताऱ्या आजीजवळ राहते. आमच्यापैकी तिघे असेच आजीजवळ राहत होते. आजी गेली, तेव्हा गावातील एका शिक्षकाने आम्हांस या शाळेच्या दारात आणून सोडले. कोणत्या घरात आजी उरलेली नाही, ही माहिती कोणत्याही कार्यालयात नोंदलेली नसते. ती शेजारच्या माणसास ठाऊक असते. स्थानिक संस्थेचे बळ हेच, आणि आमच्या मते दुसरे कोणतेही नाही.

दाखल्यांचे उदाहरण घ्या. मुलास शिष्यवृत्ती हवी, वसतिगृहात प्रवेश हवा, पुढे जातपडताळणी हवी, तर जातीचा पुरावा लागतो. आणि तो अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. ज्याचा आजोबा कधी शाळेची पायरी चढला नाही, त्याने शाळा सोडल्याचा दाखला आणावयाचा कोठून? आणि ज्यांचे पूर्वज पालावर जन्मले, पालावर वारले, त्यांनी कोणत्या गावचे दप्तर धुंडाळावयाचे? येथे गावचा जाणता माणूस कामास येतो. कोतवाल बुकात, गाव नमुना क्रमांक १४ मध्ये जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. त्यांत आजोबाच्या भावाच्या नावापुढे जात लिहिलेली सापडते. मग वंशावळ मांडावी लागते, शपथपत्र करावे लागते. आमच्या मंडळातील एक सेवानिवृत्त तलाठी या कामात पारंगत आहेत. मोडी वाचता येणारा एक माणूस त्यांनी शोधून ठेवला आहे. त्यांच्या या कामाचे छायाचित्र आजवर कोणी काढलेले नाही. दप्तराच्या खोलीत धूळ झटकणाऱ्या माणसाचे छायाचित्र काढावे, असे कोणास वाटणार? परंतु एका दाखल्यामुळे एका घरातील तीन पिढ्यांचा रस्ता मोकळा होतो, आणि शंभर ब्लँकेटांनी एक हिवाळा निघतो. हे म्हणताना ब्लँकेट अनावश्यक आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आम्ही थंडीत कुडकुडलो आहोत.

स्थानिक मदतीची आपल्याकडील परंपरा फार थोर आहे, आणि ती बहुतांशी वसतिगृहांचीच परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले, त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. पुढे घरोघरच्या मूठ मूठ धान्यावर 'मुष्टिफंड' उभा राहिला. मूठभर ज्वारी देणाऱ्या बाईचे नाव कोठल्याही फलकावर नाही. पण ती दात्री होती आणि बहुधा स्वतःही गरीबच होती. देणारा आणि घेणारा यांच्यात जिन्याच्या पायऱ्या नव्हत्या, एकाच अंगणातले ते दोघे होते. आज चैत्यभूमीवर आणि गावोगावच्या जयंतीत हारफुलांऐवजी एक वही एक पेन आणण्याची जी रीत रुजते आहे, तिची जात आम्हांस मुष्टिफंडाचीच वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुढाकाराने १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिने पहिले जे काम हाती घेतले, त्यांत वसतिगृह होते. १९२५ च्या आरंभी सोलापूर येथे माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी ते उघडण्यात आले. तेथील नगरपालिका दरमहा चाळीस रुपये साहाय्य देत असे. आज ही रक्कम वाचून हसू येईल. पण आम्हांस त्या वसतिगृहाची दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तेथील मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालविले आणि एक मोफत वाचनालय काढले. ज्यांच्यासाठी संस्था उघडली, तेच वर्षभरात दुसऱ्यांना काही देऊ लागले. आणि सभेची घडण पाहा. अध्यक्षस्थानी सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासारखे प्रतिष्ठित गृहस्थ होते, परंतु व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे होते. सहानुभूतीस मानाची जागा होती. कारभार ज्यांचे दुःख त्यांच्या हाती होता. ही रचना योगायोगाने झाली असे आम्ही मानीत नाही.

तसे मानावयास पुढील आठ वर्षांनंतरचा पुरावा आहे. पुणे करारानंतर १९३२ साली अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संघ निघाला. तोच पुढे हरिजन सेवक संघ या नावाने ओळखला गेला. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष आणि अमृतलाल ठक्कर सरचिटणीस. बाबासाहेब तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बोटीने निघाले होते. त्या प्रवासात १४ नोव्हेंबर रोजी त्यांनी ठक्करांना एक दीर्घ पत्र लिहिले. पुढे १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्या कार्याची झडती घेणारा जो ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला, त्यात ते पत्र आहे. आमच्या मते स्थानिक संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी वाचावयास हवे, कारण वर्गणीची पावतीपुस्तके छापण्यापूर्वी जे प्रश्न स्वतःला विचारावयाचे, ते सारे त्यात आहेत.

त्या पत्रात त्यांनी मदतीच्या दोन वाटा वेगळ्या केल्या. माणूस हीन अवस्थेत आहे तो त्याच्या स्वतःच्या दुर्गुणांमुळे, असे एकदा गृहीत धरले की मग संस्था त्याला दारू सोडावयास सांगते, व्यायामशाळा काढते, वाचनालय काढते, काही मोजक्या मुलांना शिष्यवृत्त्या देते. दुसऱ्या वाटेने जाणारा असे मानतो की माणसाचे भवितव्य त्याच्याभोवतालच्या परिस्थितीने घडते. म्हणून परिस्थितीस हात घातला पाहिजे. बाबासाहेबांचा कौल दुसऱ्या वाटेस होता. मूठभर माणसे वर उचलण्यापेक्षा सगळ्या वर्गाची पातळी वर आली पाहिजे, असे त्यांनी निक्षून लिहिले. मग कार्यक्रम सुचविला: गावोगाव विहिरी, शाळा, चावडी यांवरील नागरी हक्कांसाठी मोहीम, मुंबईच्या कापड गिरण्यांच्या विणाई खात्यात अस्पृश्यांस मज्जाव होता, तो उठविणे, घरोघरी मिळून-मिसळून वागणे. आणि शेवटी त्यांनी विचारले की हे काम करणार कोण? पगार मिळतो म्हणून कोणतीही सेवा करणारी माणसे त्यांस नको होती. ज्यास प्रेम आहे त्यालाच सेवा करता येते या अर्थाचे टॉलस्टॉयचे वचन त्यांनी आठविले आणि असे प्रेम अस्पृश्यांतून आलेल्या कार्यकर्त्यांत सापडण्याचा संभव अधिक आहे, असे सांगितले. या पत्राची साधी पोचही मिळाली नाही, अशी नोंद त्यांनी पुढे केली आहे. ही सवर्णांच्या प्रायश्चित्ताची संस्था आहे, ऋणकोनेच ऋण फेडावे, म्हणून तिचा कारभार त्यांच्याच हाती असावा, अशी गांधीजींची भूमिका होती. तिच्यामागील भावना प्रामाणिक असेलही. परंतु प्रायश्चित्त घेणाऱ्याचे मन हलके झाले म्हणून ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे ओझे हलके होत नाही.

येथपर्यंत आपली सर्वांची मान डोलते. परंतु त्याच पत्रातील एका कबुलीकडे आपण डोळेझाक करतो. समाजसेवेचा आडोसा घेणारे लबाड अस्पृश्यांत नाहीत, असे बाबासाहेबांनी म्हटलेले नाही. ते आहेत, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. आज त्या वाक्याचा रोख कोणाकडे वळतो, हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. आमच्याच तालुक्यात आमच्याच समाजातील माणसांनी नोंदविलेल्या कितीतरी संस्था आहेत, ज्यांत पती अध्यक्ष, पत्नी सचिव आणि मेहुणे कोषाध्यक्ष असतात. फलकावर महापुरुषाचे नाव, वर्षातून एकदा वह्यांचे वाटप, आणि उरलेले वर्ष बदल अर्जावरील भांडण. कारभार वरच्या जातीच्या हातून सुटून आपल्या हाती आला म्हणजे घेणाऱ्यास जागा मिळाली, असे आपण समजलो. ती मिळालेली नाही. आपल्यातलाच एक देणारा झाला, आणि उरलेले तसेच पुढ्यात मान खाली घालून उभे राहिले.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे काय? आम्ही स्वतः काय केले, हे सांगितल्यावाचून तो येणार नाही. नोकऱ्या लागल्यावर आम्ही आठ-दहा जणांनी मंडळ काढले. पहिल्या वर्षी वर्गणी चांगली जमली. एका वस्तीत विधवा आणि परित्यक्ता भगिनींसाठी शिलाई यंत्रे द्यावी, असे आम्ही आमच्या दिवाणखान्यात चहा घेत ठरविले. थाटाने कार्यक्रम केला, पाहुणे बोलाविले, छायाचित्रे काढली. त्या छायाचित्रांत या खेपेस आम्ही मान्यवर होतो. वर्षभराने त्या वस्तीत गेलो, तेव्हा एका यंत्रावर पाण्याचा हंडा ठेवलेला होता. दोन विकली गेली होती. एकीनेच ते चालविले होते, आणि तीही म्हणाली, "दादा, वस्तीत कापड शिवून घेणारं हाय कोण? समदे तयार कपडे आणत्यात." मग तुम्हांला हवे तरी काय होते, असे आम्ही विचारले. शिधापत्रिकेवर सासऱ्याचेच नाव होते, वेगळी पत्रिका हवी होती. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला नसल्याने निराधार योजनेचा अर्ज अडला होता. यंत्रे घेण्यापूर्वी एक संध्याकाळ तिच्या ओट्यावर बसलो असतो, तर हे तेव्हाच कळले असते. दाखल्यांचे काम आम्ही सुरू केले ते त्यानंतर. तो आमचा शहाणपणा नव्हता. तो त्या भगिनीचा होता.

आता पैशाविषयी थोडे. अलीकडे लहान संस्थांपुढील खरी अडचण अशी आहे की पैसा दुरून येतो आणि त्याचा धाक जवळच्या माणसापेक्षा मोठा असतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्च करणे बंधनकारक केले. चांगलेच झाले. पण त्याच कलमात कंपनीने आपल्या परिसरास प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे. ज्या तालुक्यात कारखानदारीच नाही, त्यास हा परिसर कोठून लाभावा? शिवाय एप्रिल २०२१ पासून हा निधी घेणाऱ्या संस्थेस वेगळी नोंदणी करावी लागते, आयकराच्या दोन सवलतींची प्रमाणपत्रे दाखवावी लागतात. पाच-पंधरा जणांच्या मंडळाचा निम्मा जीव सनदी लेखापालाच्या पायऱ्या झिजविण्यात जातो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली बदल झाला आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेस तो पैसा देण्यास बंदी झाली. मोठ्या संस्थेमार्फत खेड्यापर्यंत जो झिरपत असे, तो ओघ थांबला. वसतिगृहांचे परिपोषण अनुदान वेळेवर येत नाही, स्वयंपाकी मावशी मानधनावर राबतात, किराणा दुकानदार उधारीवर धान्य देतो. खरे तर तो दुकानदार आपला सर्वांत मोठा देणगीदार आहे, पण त्याचे नाव यादीत कधी येत नाही.

या सगळ्या धावपळीत संस्था हिशेब देते तो वरच्या दिशेने: धर्मादाय कार्यालयास, समाजकल्याण खात्यास, देणाऱ्या कंपनीस. खालच्या दिशेने हिशेब देण्याची सक्ती कोणीच करीत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे २००९ साली ठरविले. अनुदानित शाळांत ती समिती केवळ सल्ला देणारी असली, तरी पालक निदान खोलीत येऊन बसतो. पण शाळा चालविणाऱ्या संस्थेच्या नियामक मंडळात त्याने असावे, असे कोठे म्हटलेले नाही. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यात 'हितसंबंधी व्यक्ती' कोण याची जी व्याख्या आहे, तीत सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या बाबतीत उल्लेख येतो तो सदस्याचा. ज्याचे मूल त्या संस्थेच्या छताखाली निजते, त्या आईचा नाही. हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे, आणि ते आम्ही प्रथम आमच्या या मातृसंस्थेसमोर ठेवीत आहोत. नियामक मंडळात निवासी मुलांच्या पालकांसाठी काही जागा घटनेतच दुरुस्ती करून राखून ठेवाव्यात. त्या जागांवर कोणी बसावे, हे पालकांनी ठरवावे. आम्ही सुचविलेली 'समजूतदार' माणसे तेथे नकोत. वसतिगृहाचा जमाखर्च वर्षातून एकदा तरी मराठीत, मोठ्याने, पालकांपुढे वाचला जावा. आणि वस्तू देताना मुलाचे छायाचित्र घेणे आजपासून बंद व्हावे. मुलांची छायाचित्रे जरूर छापावीत: खेळताना, नाटकात, विज्ञान प्रदर्शनात, आणि त्यांच्या नावांसह.

यावर आलेले आक्षेप आम्ही ऐकले आहेत. छायाचित्र नसेल तर देणगीदार येणार नाहीत, हा पहिला. हे खोटे नाही. आमच्या मंडळाने छायाचित्रे बंद केल्यावर दोन देणगीदार गेले आणि त्यांची जागा अद्याप भरलेली नाही. त्या वर्षी आम्ही अभ्यासिकेचे दिवे लवकर मालवीत असू. हा तोटा आहे, आणि तो मुलांनी सोसला, हेही आम्ही लपवीत नाही. तरीही आम्ही तो निर्णय फिरविला नाही, कारण ज्या मुलाने एकदा तसे छायाचित्र काढून घेतले आहे, त्यास ते वयाच्या चाळिशीतही दिसत राहते. दुसरा आक्षेप असा की पालक अडाणी आहेत, त्यांस हिशेबातले काय कळणार? उचलीचा हिशेब, कापलेल्या दिवसांचा दंड, टनाचा दर हे सारे तोंडपाठ ठेवणाऱ्या माणसास डाळीचा हिशेब कळणार नाही, हे म्हणणाऱ्याने एकदा फडावर जाऊन पाहावे. तिसरा आक्षेप मात्र खरोखरीचा आहे. पालक सहा महिने गावातच नसतात. बैठकीस येणार कसे? याचे उत्तर आम्हांस आमच्या पंचांगातच सापडले. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपला वर्षावास असतो. भिक्खू एका जागी थांबतात, विहारात ग्रंथवाचन चालते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत ऊसतोडीची माणसेही घरी असतात. आश्विन संपला की गाड्या भरू लागतात. मग वार्षिक सभा जानेवारीत पाहुण्यांच्या सोयीने घेण्याऐवजी वर्षावासात पालकांच्या सोयीने घेण्यास काय हरकत आहे?

गतवर्षी भाद्रपदात अशी एक बैठक अधीक्षकांच्या संमतीने, प्रयोग म्हणून, शाळेच्या सभागृहात झाली. साठ-सत्तर पालक आले. निम्म्याहून अधिक आया होत्या. अधीक्षकांनी किराणा, इंधन, औषधे, मानधन असे एकेक खाते वाचून दाखविले. पहिली पंधरा मिनिटे कोणी बोलले नाही. भाजीपाल्याचे खाते आले, तेव्हा मागच्या रांगेतील एक बाई उभी राहिली. "सर, एक इचारू का? वर्षभर बटाटाच कामून? आमच्या गावाकडं शेवगा झाडाला वाळून जातो, भोपळा कोणी घेत न्हाई. गाडीभाडं द्या, आम्ही आणून टाकतो." सभागृहात हशा पिकला. अधीक्षक प्रथम अवघडले, मग वही काढून तिच्या गावाचे नाव लिहून घेऊ लागले. दुसऱ्या एका पालकाने मुलींच्या स्नानगृहाच्या दारास आतून कडी नाही, ही गोष्ट सांगितली. ती कडी दुसऱ्या दिवशी बसली. चार वर्षे ती नव्हती, आणि चार वर्षांत तपासणीसाठी आलेल्या कोणाही अधिकाऱ्यास, आणि सांगावयास लाज वाटते, आम्हांसही ती दिसली नव्हती.

पालकांच्या जागांचा ठराव नियामक मंडळापुढे आहे. दोन बैठकांत तो विषयपत्रिकेवर शेवटी ठेवला गेला आणि वेळेअभावी पुढे ढकलला गेला. या वर्षावासात तो पहिल्या क्रमांकावर घ्यावा, एवढी विनंती आम्ही या स्मरणिकेच्या पानांवरून करीत आहोत. शेवगा येतो आहे. तो कोणत्या खात्यावर दाखवावा, असा प्रश्न लेखनिकांस पडला होता. त्यांनी तो देणग्यांच्या खात्यात, त्या गावातील तेरा घरांच्या नावांनिशी नोंदविला आहे. ती तेरा नावे या अंकाच्या यादीत छापावीत, असे आम्ही संपादक मंडळास कळविले आहे.